लिंबू-सोड्याच्या ताई

शनिवारच्या पुरवणीत ताईंचा हसरा फोटो यायचा आणि त्याखाली त्या आठवड्यात घरच्या घरी काय करून सुखी व्हायचं ते लिहिलेलं असायचं. थंडी पडली की संत्र्याची सालं खिडकीत वाळवा, घरभर मोसमाचा दरवळ पसरेल. उन्हाळ्यात ओल्या चादरी दारात टांगा, खोली गार. पावसात बूट भिजले तर आत जुनी वर्तमानपत्रं कोंबा. हा शेवटचा उपाय खरोखर चालायचा, त्यामुळे वर्तमानपत्राच्या मालकांना तो फार आवडला होता.

ताईंना हे पान मिळालं त्यांच्या नवऱ्यामुळे. ते दातांचे डॉक्टर होते. पुरवणीच्या संपादकांची अक्कलदाढ काढायला घेतली, तेव्हा सुईचा अंमल चढेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून डॉक्टर म्हणाले की आमची मंडळी छान लिहितात, घराबद्दल वगैरे. संपादकांचा जबडा तोवर बधिर झाला होता. त्यांनी नकार द्यायचा प्रयत्न केला असावा, पण त्यातून जो आवाज निघाला तो डॉक्टरांनी होकार म्हणून घेतला.

ताई लिहायच्या मात्र खरंच गोड. वाचताना वाटायचं, या बाईच्या घरात पाऊल टाकलं की आपलं ब्लडप्रेशर उतरेल. प्रत्यक्षात त्या घरात पाऊल टाकलं की चपलांच्या ढिगात पाय अडकायचा. पानात जे घर दिसायचं ते म्हणजे हॉलच्या खिडकीजवळचं एक छोटं टेबल. काचेची बरणी, वाळलेली फुलं, मेणबत्ती, सुती कापड, सगळे साधे आनंद त्या टेबलावर नांदायचे. फोटो काढून झाला की त्यावर कोणी काही ठेवायचं नाही असा दंडक होता. सासूबाईंनी एकदा तिथे चष्मा ठेवला, तर तो त्यांना फ्रिजवर सापडला. तेव्हापासून त्या टेबलाला 'देवघर' म्हणायला लागल्या.

बाकी घर चारचौघांसारखं चालायचं. फरशी पुसायला दुकानातलं हिरवं फिनेल, बाथरूमला दुकानातलं निळं ॲसिड, झुरळांना फवारा, आणि खोलीला दरवळ हवा तर भिंतीवरचं यंत्र दर थोड्या वेळाने फुस्स करायचं. ताईंना यात काही वावगं वाटत नव्हतं. त्या म्हणायच्या की मी लोकांना स्वप्न देते, आणि स्वप्नाला कोणी पावती मागत नाही.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि ताईंना विषय सुचेना. आदल्या थंडीत संत्री संपली होती, त्याच्या आदल्या थंडीत लोकर. मग कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांना दोन ओळी दिसल्या आणि शनिवारी पान आलं, 'हिवाळ्यातलं शुभ्र हसू'. लिंबाचा रस, त्यात चमचाभर खायचा सोडा, रोज सकाळी ब्रशने खसखसून घासायचं. रात्री व्हिनेगरच्या पाण्याने चूळ. मी स्वतः हेच करते, असंही त्यांनी लिहिलं. खाली फोटोत त्यांचे दात खरंच शुभ्र होते. ते नवऱ्याने दवाखान्यातल्या मशीनने साफ करून दिले होते.

थंडी मध्यावर आली तसा डॉक्टरांचा दवाखाना भरू लागला. येणाऱ्यांची तक्रार एकच. गार लागलं की कळ जाते, गरम लागलं तरी जाते, गोड तर तोंडात धरवत नाही. डॉक्टरांनी दिवा ओढून पाहिलं. दातांवरचं आवरण असं झिजलं होतं, जशी वापरून वापरून साबणाची वडी झिजते. पहिल्याला विचारलं तर तो म्हणाला लिंबू-सोडा. दुसरीही तेच म्हणाली. तिसरा सांगू लागला तेव्हा डॉक्टरांनी त्याला तोंड उघडं ठेवायला सांगितलं, म्हणजे पुढचं ऐकायला नको.

त्या संध्याकाळी ते बायकोला सांगायचं असं ठरवूनच घरी गेले. ताई टेबलापाशी वाकून एका दालचिनीच्या काडीचा फोटो काढत होत्या. त्यांनी मागे न बघता सांगितलं की अहो, उजेडातून बाजूला व्हा. डॉक्टर बाजूला झाले, आणि एकदा बाजूला झालेला माणूस परत मध्ये कशाला येतो.

सासूबाईंच्या मात्र लक्षात आलं. मुलगा उशिरा जेवतोय, खूश दिसतोय, दवाखान्यासाठी नवी खुर्ची घ्यायच्या गोष्टी करतोय. त्यांनी एका दुपारी त्याला बरोबर धरलं. त्याने सगळं सांगितलं.

"मग सांग की तिला," सासूबाई म्हणाल्या.

"सांगतो. जरा सीझन जाऊ दे."

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. याला आपणच वाढवलं, हे त्यांना त्या क्षणी फारसं आवडलं नाही. पण सून आणि मुलगा यांच्यात बोलायचं नाही असं त्यांनी फार पूर्वी स्वतःला बजावलं होतं, मुख्यतः कंटाळ्यामुळे. त्याही मूग गिळून बसल्या.

आता बाईंबद्दल सांगायला हवं. या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आडनावाने त्यांना कोणी ओळखत नसे, नुसतं बाई म्हटलं की पुरे. अर्धी वस्ती त्यांच्या हाताखालून गेली होती आणि त्यातली बरीचशी अजूनही त्यांना पाहून शर्टाचं वरचं बटण लावायची. डॉक्टरही त्यातलेच. बाईंनी लग्न केलं नव्हतं, बहीण दुसऱ्या गावी, घरात एकट्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाती ताईंचं पान लागलं आणि त्यांनी ते अभ्यासक्रमासारखं घेतलं. बाकीचे वाचक वाचून सुस्कारा सोडायचे आणि विसरायचे. बाई करायच्या. ताईंनी लिहिलं सालं वाळवा की बाईंच्या खिडक्या सालांनी भरायच्या. ओल्या चादरी टांगा म्हटल्यावर त्यांनी अख्खा उन्हाळा दारातून वाकून ये-जा केली आणि पाठीत उसण भरून घेतली. लिंबू-सोडा त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

बाई दवाखान्यात आल्या तेव्हा डॉक्टर उठून उभे राहिले. खुर्चीवर पेशंटला बसवायचं असतं याची त्यांना बाईंनीच आठवण करून दिली. तोंड उघडल्यावर डॉक्टरांनी दिवा आणखी जवळ ओढला. इतके झिजलेले दात त्यांनी त्या थंडीत पाहिले नव्हते. खालचे पुढचे दात तर कडेला पारदर्शक झाले होते.

त्यांनी चाचरत विचारलं की बाई, आंबट फार होतं का खाण्यात. बाईंनी चूळ भरली, आलेली कळ सोसली आणि लिंबू-सोड्याचा सगळा क्रम सांगितला, किती रस, किती चमचा, किती वेळ. शाबासकीची वाट पाहिल्यासारख्या त्या थांबल्या.

डॉक्टर म्हणाले की ते आता बंद करा, मी पेस्ट देतो. लेप लावू, काही दातांना टोप्या घालाव्या लागतील.

"बंद का करायचं? ताईंनी लिहिलंय."

"प्रत्येकाला मानवतं असं नाही, बाई."

"तुझी बायको हेच करते ना रे?"

इथे डॉक्टरांना खरं बोलायची उत्तम संधी होती. ते आता मोठे झाले होते, शिकलेले होते, हातात आरसा होता. पण बाईंनी 'ना रे' म्हटलं आणि त्यांचं शाळकरी पोर झालं. शाळकरी पोरं बाईंसमोर जे करतात तेच त्यांनी केलं.

"हो," ते म्हणाले.

"आणि तिचे दात चांगले आहेत?"

"हो."

बाई विचारात पडल्या. म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, प्रमाण किंवा पद्धत. तर मग ताईंकडूनच समजून घेतलं पाहिजे. शुक्रवारी दुपारी मी घरी येते म्हणून सांग तिला, असं म्हणून त्या उठल्या. डॉक्टरांची दातखीळ बसली. त्यांच्या धंद्यात याला काही औषध नव्हतं.

घरी त्यांनी एवढंच सांगितलं की बाई येणार आहेत, तुझ्या चाहत्या आहेत. ताई खुलल्या. त्यांनी टेबल सजवलं, नवं कापड अंथरलं, भिंतीवरचं यंत्र बंद केलं आणि मेणबत्ती लावली. चपला पलंगाखाली ढकलल्या. सासूबाईंना खोलीत आराम करा म्हणून प्रेमाने सुचवलं. सासूबाईंनी तितक्याच प्रेमाने ते ऐकलं नाही आणि हॉलमधल्या खुर्चीत ठाण मांडलं.

बाई वेळेवर आल्या. त्यांनी ताईंसाठी एक बाटली आणली होती. ताईंनीच सांगितलेलं, संत्र्याच्या सालांचं फरशी पुसायचं पाणी, व्हिनेगरमध्ये कितीतरी दिवस मुरवलेलं, फडक्यातून दोनदा गाळलेलं. ताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि क्षणभर त्यांना कळेना की हे काय आहे. मग ओळख पटल्यासारखं करून त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, लेबल उजेडाकडे.

चहा आला. बाईंनी तो निवू दिला. ताईंनी आग्रह केला की थंडीत चहा वाफाळताच घ्यावा, तीच तर खरी गंमत. बाई म्हणाल्या, हो, तुम्ही लिहिलं होतंत. मग त्यांनी विचारलं की हात कुठे धुऊ.

सासूबाईंनी बाथरूमच्या दिशेने बोट दाखवलं. ताई घाईने उठल्या, स्वयंपाकघरात धुवा ना बाई, पण ज्या बाईने आयुष्यभर मुलांच्या दप्तरांची झडती घेतली तिला कोणत्या दारामागे काय असतं हे कळतं. त्या बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पाण्याचा आवाजही नव्हता.

आत फळीवर निळं ॲसिड होतं, हिरवं फिनेल होतं, आरशापुढे चार तऱ्हेच्या दुकानी पेस्ट होत्या, त्यातली एक खास नाजूक दातांची. लिंबू नव्हतं, सोडा नव्हता. वापरातली एकच घरगुती वस्तू होती, गळक्या नळाला बांधलेला सासूबाईंचा जुना मोजा.

नेमक्या त्या वेळी डॉक्टर घरी आले. त्यांनी दवाखाना लवकर बंद केला होता, कारण चित्त लागेना. हॉलमध्ये बायको उभी, आई बसलेली आणि तेवढ्यात बाथरूममधून बाई बाहेर आल्या. हात कोरडेच होते.

बाई आल्यापासून ताईंना अहो-जाहो करत होत्या. वयाने मोठ्या असून ताई म्हणत होत्या. आता त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बस, मुली. तू दात कशाने घासतेस?"

ताईंनी सांगायला सुरुवात केली की लेखनात थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं, वाचकांना प्रसन्न वाटलं पाहिजे, आणि तसंही ते कोणी रोज थोडंच करतं.

"मी करते," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. चहा निववून प्यावा लागतो. सूप निववून. आंघोळीनंतर गार हवा तोंडात गेली तरी डोळ्यांत पाणी येतं. बहीण उन्हाळ्यात आइस्क्रीम खायला बोलावते दर वर्षी, यंदा तिला नाही म्हणून कळवलं. या सगळ्याचा दोष आपला आहे असं समजून त्या आज पद्धत शिकायला आल्या होत्या.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांना वाईट वाटलं, आणि ते खरं होतं, निदान पहिल्या काही क्षणांपुरतं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. लिंबू-सोड्याने दात जातात हे तुम्हाला माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर टेबलावरच्या दालचिनीकडे बघत राहिले.

"त्याला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "मलाही होतं. नवी खुर्ची आलीये दवाखान्यात, बसून बघ एकदा. वर-खाली होते."

लोकांचे दात गेले याचं ताईंना जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं, की या घरात सगळ्यांना आपली फजिती माहीत होती आणि ती सगळ्यांना परवडत होती. त्या रडल्या. डॉक्टरांनी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

रडणं ओसरल्यावर त्यांनी बाईंना विचारलं की दुखायला लागल्यावर तुम्ही थांबला का नाहीत.

"दुसऱ्याच आठवड्यात मला कळलं होतं काहीतरी चुकतंय," बाई म्हणाल्या. "पण शनिवारी पान यायचं, रविवारी सामान आणायचं, सोमवारपासून करायचं. शाळा सुटल्यावर माझ्याकडे तेवढंच वेळापत्रक उरलं होतं. ते मोडवेना."

मेणबत्तीचं मेण कापडावर सांडलं ते कोणी पाहिलं नाही.

मग बाईंनी शिक्षा सांगितली. शिक्षा सांगताना त्यांचा आवाज परत शाळेतला झाला आणि डॉक्टरांनी नकळत हात मागे बांधले. येत्या शनिवारी ताईंनी चूक छापायची, साध्या शब्दांत, फुलं-पानं न लावता. डॉक्टरांनी बाईंचे दात नीट करायचे. आणि इथून पुढे पानात जो उपाय जाईल तो आधी आठवडाभर याच घरात करायचा, सगळ्यांनी. अंगाला लावायचा किंवा तोंडात घालायचा असेल तर पहिला प्रयोग डॉक्टरांवर. त्या दर शुक्रवारी येऊन तपासतील.

"मी पण?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही सगळं बघत बसला होतात ना? मग आता करा," बाई म्हणाल्या.

चुकीची कबुली छापून आली आणि ताई कधी नव्हत्या एवढ्या लोकप्रिय झाल्या. केवढं मोठं मन, असं लोक म्हणू लागले. ज्यांचे दात झिजले होते तेही हळहळून म्हणायचे की ताईंचा काय दोष, घरात दातांचा डॉक्टर असून त्याला बायकोला सांगता आलं नाही. खुर्चीत आडवं पडून, डॉक्टरांच्या तोंडावर म्हणायचे. डॉक्टर त्यांना तोंड उघडं ठेवायला सांगायचे.

घरात मात्र हलकल्लोळ झाला. फरशी बाईंच्या बाटलीतल्या पाण्याने पुसली, तर लोणच्याच्या बरणीत राहायला आल्यासारखं वाटू लागलं आणि मुंग्या साखर सोडून फरशीवर जमल्या. मुंग्यांसाठी उंबऱ्यावर खडूच्या रेघा मारल्या. मुंग्या त्यांच्या कडेने अगदी शिस्तीत चालत आत आल्या. साबणाच्या उरलेल्या तुकड्यांची नवी वडी केली, ती फेसाशिवाय सगळं काही करायची. डॉक्टरांचे पांढरे कोट राखेच्या पाण्यात धुतले आणि ते भिंतीच्या रंगाचे झाले. एका पेशंटने त्यांना प्लंबर समजून नळाचं विचारलं. कोरड्या ओठांवर मधाचा लेप त्यांनी लावला, तो टॉवेलला चिकटला आणि टॉवेल ओठांना.

शुक्रवारी बाई यायच्या, वास घ्यायच्या, बोट फिरवून बघायच्या आणि बहुतेक वेळा म्हणायच्या, नापास. सासूबाईंचं काही प्रयोगांत मन रमायला लागलं होतं, पण तसं त्या दाखवत नसत. एकदा त्यांनी आपल्या गुडघ्यांसाठी गरम वाळूची पुरचुंडी स्वतःहून केली. ती फाटली आणि गादी आठवडाभर कुरकुरत होती. तरी त्या म्हणाल्या की आराम पडला.

ताईंचं पान आता आखूड झालं. याने डाग जातो, पण कापडही जातं, असं त्या लिहू लागल्या. अमुक केल्यास घरात चार दिवस वास राहतो, पाहुणे यायचे असतील तर करू नका. हे सगळं खरं होतं, आणि खरं असल्यामुळे लोकांना ते आवडेना. पत्रं यायला लागली की ताई, पूर्वीचा गोडवा गेला. आम्हाला काही करायचं नसतं हो, नुसतं वाचायचं असतं. संपादकांनी दोन-तीनदा सुचवून पाहिलं की जरा फुलं-पानं येऊ द्या. ताईंनी बाईंना विचारलं. बाई नाही म्हणाल्या. काही महिन्यांनी ते पान दुसऱ्या एका मुलीकडे गेलं, जिच्याकडे ताईंहून चांगली खिडकी होती.

ताईंना ते लागलं. शुक्रवार आला तेव्हा त्यांना वाटलं आता बाई कशाला येतील, तपासायला काही उरलंच नाही. पण दुपारी बेल वाजली. बाई नेहमीच्या वेळी दारात होत्या, वेळापत्रक रद्द झाल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. नव्या टोप्या घातलेल्या दातांनी त्या जरा अवघडून हसल्या आणि आत आल्या.

पुढच्या थंडीत असंच एका दुपारी डॉक्टर जेवायला घरी आले तर हॉल रिकामा. तिघी मागच्या गॅलरीत उन्हात खुर्च्या टाकून बसल्या होत्या. पाय कठड्यावर, सासूबाईंचेसुद्धा. बाईंच्या हातात वाफाळता चहा होता आणि सासूबाई आपल्या थोरल्या लेकीच्या सासरची एकेक भानगड उलगडून सांगत होत्या. ताई मध्ये मध्ये भर घालत होत्या. बाई आधी म्हणाल्या की माणसाच्या पाठीमागे असं बोलू नये, आणि मग विचारलं की बरं, धाकट्या दिराचं पुढे काय झालं.

डॉक्टर दारात थोडा वेळ उभे राहिले. ऊन छान पडलं होतं, आतपर्यंत येत नव्हतं. आपल्यालाही जरा बसता येईल का, असं त्यांनी विचारलं.

"धाकटा दीर पळून गेला," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची कोणीही सरकवली नाही.